जनाबाईचें जातें

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेंतील मुलांचे चेहरे उतरतात. कोणाला झोंप लागत नाहीं, कोणाचें पोट दुखतें, कोणाला पाठ केलेलेंही आठवत नाहीं. अशा वेळीं आम्ही वर्षानुवर्षें एकच औषध देत आलों: काळजी करूं नका. हें औषध किती निरुपयोगी आहे हें आम्हांस उशिरा उमगलें, आणि तें उमगण्यास आपल्याच जिल्ह्यांतील एका थोर स्त्रीचें चरित्र कारण झालें. तेंच येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या तीरीं गंगाखेड हें गांव आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें जनाबाईचा जन्म झाला. बापाचें नांव दमा व आईचें करुंड असें परंपरा सांगते. घर दरिद्री आणि त्या काळच्या समाजानें खालीं लेखिलेलें. आई लवकर वारली, तेव्हां बापानें लहानग्या जनीला पंढरपुरास आणून दामाशेटी शिंपी यांच्या घरीं ठेविलें. या दामाशेटींचे पुत्र म्हणजेच संत नामदेव. त्या घरांत परंपरेनें पंधरा माणसें मोजिलीं आहेत. त्यांतच जनी धरलेली आहे. ती मात्र आपणांस जन्मभर नामदेवाची दासी म्हणवीत राहिली.

पंधरा माणसांच्या घरीं दासीचा दिवस कसा उगवत असेल याची कल्पना आजच्या मुलांना येणें कठीण आहे. दळण, कांडण, झाडलोट, धुणें, पाणी भरणें, शेण वेंचून आणणें, गोवऱ्या थापणें. त्यांत दळण सर्वांत जड. पहांटेच्या अंधारांत जात्याशीं बसावें, मुठीमुठीनें वैरण घालावी आणि खुंटा धरून दगडी पाळू फिरवीत राहावें. ज्यांनीं हें काम पाहिलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, जातें ओढण्यास दोघीजणी समोरासमोर बसतात, म्हणजे भार वांटला जातो. जनाबाईच्या समोर कोण होतें? आई नाहीं, बाप नाहीं, बहीण नाहीं. समोरची जागा रिकामी होती.

ती रिकामी जागा तिनें आपल्या विठ्ठलाला दिली. तो येऊन दळूं लागतो, शेण वेंचूं लागतो, तिची वेणी घालतो, असें तिनें आपल्या अभंगांतून सांगितलें. तिच्या नांवावर आज साडेतीनशेंच्या आसपास अभंग आहेत. ते वाचतांना आम्हांस एका गोष्टीचें नवल वाटलें. या बाईनें आपलें दुःख कोठेंही झांकलेलें नाहीं. आपण पोरकी आहों, आपणांस कोणी नाहीं, हें ती उघड सांगते. देवावर रागावते, त्याच्याशीं भांडते, त्याला शिव्याही देते. आणि स्त्रीचा जन्म आला म्हणून खिन्न होऊं नये, असेंही स्वतःस बजावते. मनांतील भय तिनें नांव घेऊन बाहेर काढलें, आणि तें काढीत असतां खुंट्यावरचा हात थांबूं दिला नाहीं.

तिच्याविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. विठ्ठलाचें पदक चोरल्याचा आळ तिच्यावर आला, तिला सुळावर देण्याचें ठरलें, आणि ऐन वेळीं त्या सुळाचें पाणी झालें. ही कथा इतिहास म्हणून पारखण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु घरांत एखादी वस्तु हरवली कीं पहिला संशय मोलकरणीवर यावयाचा, हें भय मात्र पूर्णपणें खरें आहे, आणि तें अद्यापि संपलेलें नाहीं.

1350 सालीं जनाबाईनें देह ठेविला, असें मानितात. परंतु जात्यावर मन मोकळें करण्याची रीत पुढेंही शेंकडों वर्षें महाराष्ट्राच्या घराघरांतून चालू राहिली. सासुरवास, माहेरची ओढ, तान्ह्याचें दुखणें, दुष्काळ, सारें ओवींत येई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं 1980 नंतरच्या दशकांत गांवोगांव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पिठाची गिरणी आली आणि बायांचे श्रम वांचले, हें फार चांगलें झालें. पण त्याबरोबर दुःख सांगण्याची एक जागाही गेली.

आतां आमच्या अपराधाची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं परीक्षेच्या आदल्या दिवशीं एक मुलगा आमच्याकडे आला. त्याला कांहीं सांगावयाचें होतें. आमच्यापुढें वह्यांचा ढीग होता. देवावर भरंवसा ठेव आणि अभ्यासाला लाग, असें म्हणून आम्हीं त्याला वाटेस लाविलें. दुसऱ्या दिवशीं तो परीक्षेस आलाच नाहीं. बापानें कर्ज काढून शिकविलें, आपण नापास झालों तर घराचें काय होईल, या विचारानें तो कित्येक रात्री जागा होता, हें आम्हांस मागाहून कळलें. पुढील सालीं तो परीक्षेस बसला व पास झाला. परंतु त्याचें तें एक वर्ष आमच्या एका वाक्यापायीं गेलें. आमचा उपदेश खोटा नव्हता. त्याला उपदेश नको होता. खुंट्याला दुसरा हात हवा होता.

जनाबाईचें दळण गाण्यानें मूठभरही कमी झालें नाहीं, आणि पोरक्या मुलीनें जन्मभर असें राबावें हें न्याय्यही ठरत नाहीं. जें अन्यायाचें आहे तें बदललेंच पाहिजे. पण बदलेपर्यंतचे दिवस कसे काढावे, हें तिनें दाखविलें. म्हणून, मुलांनो, काळजी करूं नका असें आम्ही यापुढें म्हणणार नाहीं. काळजी वाटेल तेव्हां तिचें नांव घ्या. आई, मित्र, शिक्षक, ज्याच्यावर विश्वास असेल त्याला ती सांगा. आणि हातांतलें काम थोडें थोडें, मुठीमुठीनें, चालू ठेवा. कित्येक दिवस झोंप व अन्न तुटलें असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास लाजूं नका.

आणि कोणी तुमच्याकडे आपली काळजी घेऊन आला, तर वह्यांचा ढीग बाजूस सारून त्याच्या समोर बसा.