सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

सोयाबीनचा हंगाम आला की आमच्या अकोल्याकडे मळणीयंत्रात कुणाचा तरी हात सापडल्याचं कानावर येतंच. मोठी रक्तवाहिनी तुटली असेल, तर दवाखाना गाठेपर्यंत किती रक्त जातं यावर सगळं अवलंबून. अशा वेळी मला हटकून डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात.

त्यांचा जन्म 1910 चा, सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते निघाले. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं.

आज तुटलेली रक्तवाहिनी बारीक टाक्यांनी जोडता येते. तेव्हा युद्धावर ती बहुधा बांधूनच टाकत. जीव वाचे, पण पुष्कळदा पाय कापावा लागे. त्यात जखमी उशिरा पोचला तर तेवढंही नाही. म्हणून कॅनडाचे डॉ. बेथून यांनी तिथे रीत पाडली होती, की जखमीची वाट न बघता डॉक्टरनेच लढाईजवळ जायचं. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष अंगात भिनलं आणि 1939 मध्ये बेथून गेले. कोटणीसांनी तोच रस्ता धरला. 1940 च्या एका लढाईत ते सलग 72 तास शस्त्रक्रिया करत उभे होते. वडील गेल्याची बातमी आली तेव्हाही ते परतले नाहीत. घरच्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

1941 मध्ये बेथून यांच्या नावाच्या दवाखान्याचे ते प्रमुख झाले. तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या कुओ चिंगलानशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पण डॉक्टरांना फिट्स येत होत्या, आणि विश्रांती ते घेतच नव्हते. 9 डिसेंबर 1942 ला ते गेले. वय अवघं 32, बाळ साडेतीन महिन्यांचं.

1946 च्या शांतारामबापूंच्या सिनेमातली जयश्री आपल्या आया-मावश्यांना आठवते. खऱ्या चिंगलानने मात्र पुढे मुलाला डॉक्टरकीला घातलं आणि 1967 मध्ये तोही ऐन तारुण्यात गेला. त्यानंतरही ती सासरच्या माणसांना भेटायला भारतात येत राहिली. 2012 मध्ये तिचं निधन झालं.