कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : कामात रमलेले जीवन

पोटासाठी काम सर्वांनाच करावे लागते. परंतु पाट्या टाकून दिवस ढकलणे निराळे, आणि त्याच कामात रोज काही नवे सापडेल या उत्कंठेने त्याला भिडणे निराळे. आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी नोकरीधंद्यास लागणारी मुले आहेत. त्यांनी अवश्य वाचावे असे एक चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांकडे त्यांचा ओढा अधिक. १८८५ मध्ये ते चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे आपल्या दृष्टीस काही रंगांतील भेद कळत नाही, असे त्यांना आढळून आले. दुसरा एखादा खचला असता. लक्ष्मणराव जेथे रंगांची गरजच नाही अशा यंत्ररेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. शिकविण्याचे काम उरकून स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. यंत्रे स्वतः हाताळून त्यांचे मर्म ते जाणून घेत. १८८८ पासून वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकानही चालविले. पात्रता असूनही बढती दुसऱ्याच्या पदरी पडली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास परतले.

येथून खरी कथा सुरू होते. लक्ष्मणरावांनी हाती घेतलेली कामे अगदी साधी होती : गुरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. शेतकऱ्यांची समजूत अशी की, लोखंडाने जमीन विषारी होते. पहिले ४० नांगर विकावयास दोन वर्षे लागली! शिवाय फाळ कठीण हवा, पण ठिसूळ असता कामा नये, हीच या धंद्यातील खरी गोम. लक्ष्मणरावांनी ग्राहकास दोष न देता ओतकामाचे प्रयोग चालू ठेवले. फाळाचे टोक ही केवढीशी वस्तू! परंतु तिच्या पायी त्यांनी आपली सारी बुद्धी पणास लावली. आमच्या मते साहस म्हणतात ते हेच.

इतक्यात बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध येथे सभामंडपाच्या बांधकामात गुंतले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांची अडचण ओळखून १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज व संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळील ३२ एकर माळ दिला. निवडुंग, दगडधोंडे आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी कारखान्याचा प्रारंभ झाला. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात मोडते. स्टेशनही वाडीच्याच नावाने ओळखले जाते.

ओतकामात रमणारे शंभूराव जांभेकर यांच्यासारखे जिवाभावाचे सहकारी लक्ष्मणरावांना लाभले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. ज्या वाडीत कामगारांसाठी घरे व शाळा उभी राहिली, त्याच वाडीतून 'किर्लोस्कर' मासिक महाराष्ट्रभर गेले. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता, हेही आम्हांस तितकेच मोलाचे वाटते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आम्ही उभा जन्म शाळेत घालविला. अधिक गुण मिळविणाऱ्या मुलाचे कौतुक आपण सारेच करतो. मात्र मोडके कुलूप खोलून आतली कळ पाहणाऱ्या मुलास 'अभ्यास कर' म्हणून दटावतो. लक्ष्मणराव अशा दुसऱ्या प्रकारच्या मुलांपैकी होते. सर्वांनीच कारखाने काढावेत असे आमचे म्हणणे नाही. कोणी कचेरीत खतावणी लिहील, कोणी दुकानात तागडी धरील, कोणी शेत कसेल. मात्र हे काम याहून चांगले कसे होईल, हा एक प्रश्न प्रत्येकाने रोज मनाशी बाळगावा. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यास काम ओझे वाटत नाही. आपल्या घरातील एखादे मूल असा प्रश्न विचारू लागले, तर वडीलधाऱ्यांनी त्यास गप्प करू नये, एवढीच आमची विनंती आहे.