प्याल्यांचा हिशेब ठेवणारा बादशहा

इ. स. १५८६च्या सुमारास अकबराची छावणी सिंधूकाठी अटक येथे पडली होती. युसुफझाई पठाणांचे बंड मोडण्याचे काम चालले होते. अकबराचा थोरला मुलगा सलीम, वय सतरा-अठरा, एके दिवशी शिकारीहून थकून परतला. उस्ताद शाहकुली नावाच्या गोलंदाजाने त्याला सुचविले की, एक प्याला मद्य घेतल्यास हा शीण उतरेल. सलीमने हकीम अलीच्या घरी माणूस पिटाळला. हकिमाने लहानशा बाटलीतून दीड प्याला गोड, पिवळसर मद्य धाडले. ते पोटात जाताच शाहजाद्याची तबियत खुलली.

हा शाहकुली मूळचा मिर्झा महंमद हकीम याच्या पदरचा. मिर्झा हकीम म्हणजे अकबराचा सावत्र भाऊ, काबूलचा अधिपती. तो वर्षभरापूर्वीच अतिमद्यपानाने वारला होता. ज्या प्याल्याने चुलत्याचा जीव घेतला, त्याची ओळख चुलत्याच्याच माणसाने पुतण्याला करून दिली. हाच सलीम पुढे जहांगीर या नावाने बावीस वर्षे हिंदुस्थानच्या तख्तावर बसला. त्याने स्वतः फारसीत लिहिलेल्या आत्मवृत्तात हा सगळा प्रसंग नोंदविलेला आहे.

व्यसन या घराण्यात नवे नव्हते. पणजोबा बाबर मद्याच्या मैफिलींचा मोठा शौकीन. १५२७ साली खानव्याच्या लढाईपूर्वी त्याने सोन्यारुप्याचे प्याले फोडून मद्य सोडले; पण सोडल्यानंतरची तळमळही त्याने लपविली नाही. बाबराचा बाप उमरशेख मिर्झा हाही पिणारा. आजोबा हुमायून अफूच्या आहारी गेलेला. अकबराला मात्र मद्याने कधी पुरते कह्यात घेतले नाही. एक पिढी सुटावी आणि पुढच्या पिढीत तेच उफाळून यावे, हा प्रकार अनेक घराण्यांना परिचित आहे.

अटकेच्या त्या दिवसानंतर सलीमचे पिणे रोज थोडे थोडे वाढत गेले. द्राक्षाच्या मद्याने नशा येईनाशी झाली, तेव्हा तो अरकाकडे वळला. नऊ वर्षांत मजल दुबार गाळलेल्या अरकाच्या वीस प्याल्यांवर गेली. चौदा दिवसा आणि उरलेले रात्री. त्या काळात त्याचा आहार एक कोंबडी, थोडी रोटी आणि मुळा एवढाच उरला होता. अखेर हात इतके कापू लागले की प्याला धरवेना. दुसऱ्याने तोंडाशी लावावा तेव्हा घोट जाई. प्रमाण सतत वाढविणे, जेवणावरची वासना जाणे, मद्याविना हातांना कंप सुटणे ही आजचे वैद्यक ज्यांना अवलंबित्वाची लक्षणे म्हणते ती सारी या एका कबुलीत सापडतात.

तेव्हा त्याने हकीम हुमाम यास बोलावून आपली अवस्था उघड केली. हकिमाने भीड ठेवली नाही. असेच आणखी सहा महिने चालले तर दुखणे उपायापलीकडे जाईल, असे त्याने स्पष्ट सांगितले. भावी बादशहाला तोंडावर असे सांगण्यास धैर्य लागते, आणि ते ऐकून घेण्यासही. सलीमने अरकात दुप्पट द्राक्षमद्य मिसळण्यास आरंभ केला, आणि सात वर्षांत वीस प्याल्यांवरून सहांवर आला. प्रत्येक प्याल्याचे वजन सव्वाअठरा मिस्काल, असा बारकावाही त्याने टिपला आहे. पुढची पंधरा वर्षे त्याने तेच प्रमाण राखले, तेही फक्त रात्री. गुरुवारी मात्र दिवसा. मात्र मद्य घटले तशी फिलुनिया नावाची अफूची माजून वाढली आणि पुढे तिच्या जागी नुसती अफू आली. एक दार लोटून घेतले, दुसरे उघडे राहिले.

मधल्या काळात दोघे धाकटे भाऊ गेले. अहमदनगरला वेढा घालून चांदबीबीशी झुंजलेला मुराद १५९९ साली जालनापूरच्या परिसरात मद्यानेच संपला. वय तिशीच्या आत. त्याच्या जागी दक्षिणेत आलेला दानियाल बुऱ्हाणपुरास राहिला आणि त्याच वाटेने गेला. अकबराने पहारे बसविले, सासरा अब्दुर्रहीम खानखाना याने मद्याची आवक बंद केली. दानियालला बंदुकीने शिकार करण्याचा नाद होता आणि एका आवडत्या बंदुकीला त्याने असे नाव दिले होते की जिचा बार म्हणजे तिरडीच. मुर्शिदकुली नावाच्या चाकराने त्याच बंदुकीच्या नळीत दुबार गाळलेला अरक भरून आणला. आतला गंज आणि जळक्या बारुदाची काजळी त्यात मिसळली होती. मराठीत पिण्याच्या आणि उडविण्याच्या दोन्ही पदार्थांना दारू हा एकच शब्द आहे. बुऱ्हाणपुरात त्या दिवशी दोन्ही एकाच नळीतून आल्या. दानियालने अंथरूण धरले आणि १६०५ साली तो वारला. त्याच वर्षी अकबरही गेला. तीन मुलांपैकी एकच उरला होता, आणि त्या घटकेस तोही रोज पीतच होता.

गादीवर येताच जहांगीरने जी बारा फर्माने काढली, त्यांत मद्य गाळण्यास आणि विकण्यास बंदी करणारे एक होते. आपण स्वतः अठराव्या वर्षापासून पितो, हे त्याने तेथेच मान्य केले.

विसाव्या शतकात जॉन युइंग या अमेरिकन वैद्याने मद्यावलंबित्व ओळखण्यासाठी चार प्रश्न ठरविले. पिणे कमी करावे असे वाटले का? कोणी त्यावरून टोकले तेव्हा राग आला का? अपराधी वाटले का? सकाळी उठताच हात स्थिर करण्यासाठी घोट लागला का? यांपैकी दोनांना होकार आला तरी वैद्य सावध होतो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे. अशा चौकशीच्या जोडीला कुटुंबात कोणास हे व्यसन होते का, हेही वैद्य विचारतो. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांवरील १९७३च्या अभ्यासात मद्यासक्त जन्मदात्यांच्या मुलग्यांत, ते परक्या घरी वाढूनही, व्यसनाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट आढळले. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या धोक्याचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक मानला जातो; उरलेला भाग घर, संगत आणि प्याला पुढे करणारा हात ठरवितो.

तो हात जहांगीरचाही होता. १६१६च्या आरंभी, अजमेर येथे, शाहजादा खुर्रमच्या तुलादानाचा सोहळा झाला. खुर्रम चोवीस वर्षांचा, मुलाबाळांचा बाप, आणि तोपर्यंत त्याने मद्याला स्पर्श केला नव्हता. बापाने त्यास आग्रह करून पाजले; सणासमारंभास प्यावे, मात्र माफक, अशी परवानगी दिली. दोन भाऊ आणि एक चुलता मद्यापायी गमावलेला मनुष्य हे करीत होता.

त्याच सुमारास इंग्लंडचा वकील सर टॉमस रो दरबारात आला. बादशहा पिता पिता झोपी जाई आणि मग दिवे मालवून सगळे चाचपडत बाहेर पडत, हे त्याने लिहून ठेवले आहे. एकदा रात्री बादशहाने स्वतः सर्वांना पाजले. दुसऱ्या दिवशी तो विषय निघताच हुकूम कोणी दिला असे विचारून, आपण दिलाच नव्हता असे म्हणत, त्याने पिणाऱ्यांना दंड केला, काहींना फटके मारविले. १६१८ साली इनायतखान नावाचा जवळचा सरदार अफू आणि मद्याने हाडांचा सापळा होऊन समोर आणला गेला, तेव्हा जहांगीरने हळहळ व्यक्त केली आणि चितारी बोलावून त्याचे चित्र काढविले. दुसऱ्याच दिवशी तो वारला. ते चित्र आज ऑक्सफर्डमध्ये आहे. ते पाहताना बादशहाची नजर वैद्याची होती की आरशात पाहणाऱ्याची, असा प्रश्न पडतो.

खुर्रम मात्र सुटला. दक्षिणेच्या दुसऱ्या स्वारीवर निघताना, तिशीच्या सुमारास, त्याने चंबळेच्या काठी मद्य पाण्यात ओतले आणि प्याले फोडले; पणजोबाच्या बापाचे, बाबराचे उदाहरण त्याच्या डोळ्यांपुढे होते. त्याचा भाऊ परवेझ सुटला नाही. १६२६ साली, दानियाल गेला त्याच बुऱ्हाणपुरात, मद्यानेच त्याचा अंत झाला.

जहांगीरला तोवर दम्याने ग्रासले होते. हकिमांचे औषध लागू पडेना, तेव्हा नूरजहाँने त्याचे मद्य हळूहळू कमी करविले आणि पथ्य सांभाळले. आत्मवृत्त लिहिण्याची ताकदही उरली नाही, म्हणून १६२२ पासून मुतमदखान ते काम पाहू लागला. शेवटी चाळीस वर्षांची सोबतीण असलेली अफूही नकोशी झाली. ऑक्टोबर १६२७ मध्ये काश्मीरहून लाहोरकडे परतताना, राजौरीच्या वाटेवर त्याने एक प्याला मागविला. तो ओठांशी लावण्यात आला, पण घोट घशाखाली उतरला नाही. २८ ऑक्टोबरला तो वारला. लाहोरजवळ शाहदरा येथे त्याची कबर आहे.