उजेडाचे डॉक्टर फिन्सेन

मुलांनो, उजेडाने रोग बरा होतो हे तुम्हाला माहीत आहे का? ज्यांनी हे करून दाखवलं त्या डॉक्टरांची माहिती मी लिहीत आहे.

त्यांचे नाव नील्स फिन्सेन. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फॅरो बेटांवर झाला. ते चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली. शाळेत ते काही फार हुशार नव्हते. १५ मुलांत त्यांचा ११ वा नंबर आला होता. तरी ते शिकत राहिले आणि १८९० साली कोपनहेगन शहरात डॉक्टर झाले.

पण तरुणपणीच त्यांना मोठा आजार जडला. सारखा थकवा यायचा. त्यांच्या घरात ऊन कमी यायचं. उन्हात बसलं की बरं वाटतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी उजेडाचा अभ्यास सुरू केला.

तेव्हा तिकडे ल्युपस नावाचा रोग होता. तो म्हणजे चामडीचा क्षय. तो नाक, गाल खाऊन टाकी. लोक अशा माणसाकडे बघायचे नाहीत. १८९५ साली फिन्सेन यांनी एका इंजिनिअरच्या चेहऱ्यावर विजेच्या मोठ्या दिव्याचा उजेड सोडला आणि तो सुधारला. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून त्यांनी स्फटिकाचं भिंग घेतलं. चामडी भाजू नये म्हणून थंड पाणी खेळवलं. रक्त उजेड अडवतं, म्हणून भिंग चामडीवर दाबून धरत. १८९६ साली त्यांची संस्था निघाली. १९०१ पर्यंत तिथे ८०४ रोग्यांवर उपचार झाले. शंभरातले ८३ बरे झाले.

१९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण ते चाकांच्या खुर्चीत होते, त्यामुळे घ्यायला जाता आलं नाही. त्या पैशातून त्यांनी संस्थेला देणगी दिली. २४ सप्टेंबर १९०४ रोजी ते वारले. तेव्हा ते फक्त ४३ वर्षांचे होते.

आता ल्युपस गोळ्यांनी बरा होतो. पण कोड आणि सोरायसिस यांना अजून उजेड देतात. माझ्या आत्याच्या हातावर कोड आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून ती बावचीचं तेल लावून भर दुपारी उन्हात बसली. हाताला टरटरून फोड आले. आता ती जिल्ह्याच्या दवाखान्यात जाते. तिथे आधी डोळ्यांना चष्मा लावतात. उजेड मोजून देतात. पहिल्यांदा अगदी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवतात. चामडी लाल झाली तर लगेच सांगायचं असतं. डाग एका दिवसात जात नाहीत, पुष्कळ महिने जावं लागतं. पण तिच्या मनगटावर आता थोडा थोडा रंग आला आहे.

म्हणून मुलांनो, मनाने उपचार करू नका. आणि कोड शिवल्याने लागत नाही. ज्याला कोड आहे त्याला आपल्या पंगतीत जवळ बसवा. फिन्सेन स्वतः आजारी असून त्यांनी दुसऱ्यांचे चेहरे बरे केले. आपल्याला एवढं तरी करता येईल.