जळालेली चित्रे आणि मेजर गिल

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. ज्या डोंगररांगेच्या आसऱ्याने हा सारा मुलूख वसला आहे, तिचे नाव अजिंठा. त्याच रांगेत पश्चिमेकडे, वाघूर नदीच्या वळणावर, ती जगप्रसिद्ध लेणी आहेत. या भागातील शाळांच्या सहली हिवाळ्यात अजिंठ्याला जातात, विद्यार्थी पद्मपाणीसमोर क्षणभर थांबतात आणि परत येतात. पद्मपाणीची मूळ रेषा आज पुसट होत चालली आहे आणि तिची प्रतिकृती काढण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले, हे त्यांना कोणी सांगतो काय?

रॉबर्ट गिल हा त्या माणसाचा परिचय. १८०४ साली लंडन येथे जन्मलेला हा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात अधिकारी झाला. शिकारीचा त्याला नाद होता आणि चित्रकलेचा हात होता. त्याच्या मायदेशातील चित्रकार खेड्यातील जुन्या चर्चसमोर घोडी मांडून तैलरंगात त्याचे चित्र काढीत. गिलच्या वाट्याला मात्र डोंगराच्या पोटात कोरलेली प्रार्थनास्थळे आली.

ही लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुविद्येच्या अभ्यासकाने ती पाहिली आणि तेथील चित्रे नष्ट होत असल्याचा इशारा १८४३ साली लंडनच्या विद्वानांना दिला. परिणामी कंपनीच्या संचालकांनी या चित्रांच्या नकला करविण्याचे ठरविले, आणि १८४४ साली ते काम गिलकडे आले. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. गिलने अजिंठा गावातील बारादरीत बिऱ्हाड थाटले आणि जवळजवळ वीस वर्षे तो लेण्यांतील अंधाराशी झुंजत राहिला.

हे काम किती अवघड होते, याची कल्पना करून पाहावी. अजिंठ्याचे मूळ चित्र मातीच्या गिलाव्यावर, त्यावरील पांढऱ्या लेपावर, खनिज रंगांनी काढलेले आहे. त्याचा पोत कोरडा व सौम्य. गिलच्या हाती होते तैलरंग आणि कॅनव्हास. तैलरंगाला चकाकी असते आणि वजनही असते. म्हणजे एका भाषेतील काव्य दुसऱ्या भाषेत उतरवावे तसाच हा प्रकार होता. अपुरा प्रकाश, आजारपण आणि एकाकीपण यांची भर त्यात होतीच. तरीही पंचवीस-तीस भव्य चित्रे तयार होऊन टप्प्याटप्प्याने लंडनला गेली.

तेथे काय झाले? सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचमहालात ती प्रदर्शनार्थ मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात त्या महालाच्या एका भागाला आग लागली आणि गिलची बहुतेक सारी चित्रे भस्मसात झाली. प्रदर्शनात नसलेली चार-पाच तेवढी वाचली.

सुदैवाने गिलने पन्नाशी उलटल्यावर कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ साली फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली होती. एकात ७४ आणि दुसऱ्यात १०० छायाचित्रे होती. वऱ्हाडातील देवळेही त्याने टिपली. आपल्या जिल्ह्यातील लोणारच्या मंदिरांची त्याने घेतलेली छायाचित्रे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. एका छायाचित्राच्या अनेक प्रती निघू शकतात, म्हणून ती टिकली. तैलचित्राची प्रत एकच होती, म्हणून ते गेले.

१८७९ साली, भुसावळच्या वाटेवर असताना, गिलला मृत्यूने गाठले. त्याची कबर भुसावळला आहे. लोकांच्या स्मरणात मात्र गिल आहे तो पारोमुळे. १८५६ साली वारलेल्या या स्थानिक स्त्रीची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोर यांनी या प्रेमकथेवर काव्य रचले, त्यावरून २०१२ साली चित्रपटही निघाला. कथा हृद्य आहे, यात शंका नाही. परंतु माणसाच्या प्रेमाची आठवण राहावी आणि त्याच्या श्रमाची पुसली जावी, हे न्यायाचे नव्हे.

गिलला देवत्व देण्याचे कारण नाही. तो कंपनीचा नोकर होता आणि त्याची चित्रे लंडनसाठी होती, अजिंठ्यासाठी नव्हती. त्या काळातील नकलाकारांनी चित्रे उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढविले. पुढे ते काळवंडले आणि त्याने हानीच केली. जपण्याच्या हेतूनेही नाश होतो, हा त्यातला धडा आहे.

दुसरा धडा अधिक कठोर आहे. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून नव्याने नकला करविल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतील बऱ्याच जळाल्या. एकदा ठेच लागूनही शहाणपण आले नाही. साऱ्या प्रती एकाच छपराखाली ठेवण्याची चूक पुन्हा घडली.

आज अजिंठा जागतिक वारसा म्हणून सुरक्षित आहे. पण आपल्या गावातील जुने देऊळ, मशीद, चर्च, बारव वा गढी यांची नोंद कोणी ठेवली आहे? जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव दगडावर तैलरंग चढतो, शिलालेख सिमेंटखाली जातो, आणि मूळ रूप कसे होते हे सांगणारा एक कागदही उरत नाही. शिक्षकांनी मनावर घेतले तर विद्यार्थ्यांकडून गावच्या वास्तूंची मापे घेवविता येतील, छायाचित्रे व रेखाटने करविता येतील. त्यांची एक प्रत शाळेत असावी आणि दुसरी तालुक्याच्या ग्रंथालयात. याला कंपनीचा हुकूम लागत नाही आणि आयुष्याची वीस वर्षेही लागत नाहीत. गिलच्या जळालेल्या कॅनव्हासचे एवढे ऋण आपण मान्य केले, तरी त्याचे श्रम अगदीच वाया गेले असे म्हणावे लागणार नाही.