धर्मानंद कोसंबी आणि बौद्ध परिभाषा

‘वेदना’ हा शब्द वाचताच तुमच्या मनात दुखण्याची कल्पना येते. बौद्ध तत्त्वज्ञानात मात्र सुखद, दुःखद आणि या दोहोंहून निराळी अशी त्रिविध वेदना मानली आहे. वेदना म्हणजे केवळ अनुभव. ‘संज्ञा’ म्हणजे तेथे वस्तूची ओळख पटणे, पारिभाषिक नाव नव्हे. संस्कृतातून आलेले हे शब्द आपल्या परिचयाचे असतात आणि म्हणूनच आपल्याला चकवतात. धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र ही अडचण ध्यानात ठेवून वाचावे.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण तुटपुंजेच होते. मुलांच्या एका मराठी मासिकातील बुद्धचरित्राने त्यांना वेड लावले आणि १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. परंतु बुद्धवचन मुळातून वाचायचे तर पाली हवी, आणि ती शिकण्यासाठी त्यांना सिंहलद्वीप गाठावे लागले. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांचे अध्ययन सुरू झाले. तेथील ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशातील ब्रह्मी लोकांच्या लिपीत, तर युरोपात छापलेले रोमन लिपीत. देवनागरी वाचणाऱ्यास जणू दारच नव्हते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले, तेव्हा कोसंबींनी महाराष्ट्रात राहून काम करणे पत्करले. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले. वॉरेन यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन तेथे चालू होते. त्याच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. ती आवृत्ती निघाली १९५० मध्ये. तत्पूर्वीच, १९४० साली, कोसंबींनी तोच ग्रंथ देवनागरीत आणला होता. ‘अभिधम्मत्थसंगह’ हा तर परिभाषेचाच ग्रंथ. त्यावर त्यांनी स्वतः पालीत ‘नवनीत’ टीका लिहिली. आमच्या मते हे काम त्यांच्या प्रवासांइतकेच धाडसाचे होते, जरी चरित्रकार प्रवासांतच अधिक रमतात.

१९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले. तेथील श्चेरबात्स्की बौद्ध दर्शनाचा अभ्यास संस्कृत आणि तिबेटी ग्रंथांवरून करीत. तिबेटी भाषांतरकारांपुढे आपल्यासारखा चकवा नव्हता. त्यांनी संस्कृत शब्द जसेच्या तसे न उचलता बहुधा स्वभाषेतून प्रतिशब्द घडवले, आणि नवव्या शतकारंभी ‘महाव्युत्पत्ति’ या कोशात ते निश्चित केले. वेदनेसाठी त्यांनी ‘त्सोर-बा’ हा शब्द योजला. त्याच्या मुळाशी ‘जाणवणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. मराठीस असा नवा शब्द घडवणे अवघड, कारण जागा आधीच व्यापलेली असते.

१९१२ ते १९१८ या काळात कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे फर्ग्युसनमधील विद्यार्थी पु. वि. बापट पुढे पालीच्या पलीकडे चिनी आणि तिबेटी ग्रंथांकडे वळले. ‘विमुक्तिमार्गा’च्या धुतगुणविषयक प्रकरणाचा तिबेटी पाठ त्यांनी १९६४ मध्ये संपादून प्रसिद्ध केला.