काड्या नाचवणारे दादासाहेब फाळके

टीव्हीवर कार्टून लागलं की आपण जेवण विसरतो. पण आपल्या देशात निर्जीव वस्तूंना पडद्यावर पहिल्यांदा कोणी नाचवलं, हे मला ठाऊक नव्हतं. गुरुजींनी सांगितलं तेव्हा कळलं. ते दादासाहेब फाळके. त्यांचे चरित्र मी लिहीत आहे.

त्यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. मुलाने पण शास्त्री व्हावं असं घरात वाटत असणार. पण ह्याचं लक्ष चित्रांत. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात फोटो काढायला शिकले. जादूचे प्रयोगसुद्धा शिकले. जादू करताना ते स्वतःचं नाव प्रोफेसर केळफा असं सांगत. फाळके उलटं वाचा, म्हणजे कळेल. मला हे वाचून खूप हसू आलं. मी माझं नाव पण उलटं करून बघितलं, पण ते काही चांगलं लागत नाही.

नंतर त्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा काढला. तिथे प्लेगची साथ आली. त्यात १९०० साली त्यांची पत्नी आणि मूल दोघंही गेली. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. ह्या सरस्वतीबाई. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

दादासाहेब छापखान्यात काम करीत. तेही पुढे सुटलं. अशा वेळी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघितला. तेव्हा सिनेमा मुका होता, नुसती चित्रं हलायची. दादासाहेबांना वाटलं, असेच आपले राम आणि कृष्ण पडद्यावर चालले पाहिजेत. त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. रोज सिनेमे बघायचे, रात्री जागून प्रयोग करायचे. एवढं केलं की डोळे अधू झाले, दिसायचं बंद झालं! औषधोपचार झाले आणि परत दिसू लागलं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. ह्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत बोटीने लंडनला गेले. तिथून काम शिकून आले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणवला.

पण सिनेमाला पैसे कोण देणार? मग त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवला. रोज थोडं थोडं चित्र घेतलं. महिनाभराने ती फिल्म दाखवली तर वाटाण्याचा अंकुर लोकांच्या डोळ्यांदेखत भराभर वाढला. तेव्हा लोकांना पटलं आणि पैसे मिळाले.

मग राजा हरिश्चंद्र हा सिनेमा काढला. ३ मे १९१३ ला तो मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. (त्याआधी १९१२ साली आपल्या मालवण भागात जन्मलेल्या दादासाहेब तोरणे यांनी पुंडलिक नाटकाचं चित्रण दाखवलं होतं, हेही आपण बांद्याच्या मुलांनी विसरू नये.) पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायचं कामही त्या करीत. दागिने पण त्यांनी दिले. माझ्या मते पाटीवर त्यांचं नाव पण हवं होतं.

तारामतीचं काम करायला एकही बाई तयार झाली नाही. मग खाणावळीत स्वयंपाक करणारे साळुंके यांना तारामती केलं. १९१७ च्या लंकादहनात तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता! आता सांगतो. माझे काका दशावतारात स्त्रीपार्ट करतात. जत्रेत धयकालो झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात काही मुलं मला चिडवतात. मी आधी रडायचो. आता मी त्यांना साळुंक्यांची गोष्ट सांगणार आहे. म्हणूनच हे चरित्र घेतलं, गुरुजींनी दुसरं सुचवलं होतं तरी.

आता काड्यांची गंमत. १९१५ साली त्यांनी आगकाड्यांची मौज नावाचा छोटा सिनेमा केला. त्यात आगपेटीतल्या काड्या आपोआप हलतात. दोरा नाही, हात नाही. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, परत सरकवायची, परत एक चित्र. तेव्हा एका सेकंदाला साधारण १६ चित्रं लागत. मी गुणाकार केला. १६ गुणिले ६० म्हणजे ९६०. एका मिनिटासाठी ९६० वेळा! हा सिनेमा आज बघायला मिळत नाही ह्याचं फार वाईट वाटतं.

१९१९ च्या कालियामर्दनात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. ती तेव्हा आपल्याएवढी पण नव्हती. पाण्यात कालियाशी लढताना दाखवली आहे. ह्या सिनेमाचा बराच भाग अजून आहे.

पुढे बोलपट आले आणि मुक्या सिनेमाचे दिवस संपले. दादासाहेबांनी १९३७ साली कोल्हापूरला गंगावतरण हा एकच बोलपट केला. एकूण त्यांनी शंभराच्या आसपास सिनेमे केले, पण हातात पैसा राहिला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. १९६९ सालापासून सरकार त्यांच्या नावाने सिनेमातलं सगळ्यात मोठं बक्षीस देतं.

मी पण घरी काड्या सरकवून बघितल्या, पण आईने आगपेटी काढून घेतली, आणि कॅमेरा तर नाहीच. मग जुन्या वहीच्या कोपऱ्यात कुर्ली काढली. प्रत्येक पानावर तिचा पाय जरासा पुढे. ४८ पानं झाली, म्हणजे तीन सेकंदांचा सिनेमा. ती वही ह्या लेखाखाली खिळ्याला अडकवली आहे. पानं अंगठ्याने भराभर सोडा. हात ओले असतील तर आधी पुसा. पान ३१ जरा फाटलंय, तिथे कुर्ली लंगडते.

इयत्ता ४ थी